साधेपणाची परीक्षा

महाबळेश्वरच्या थंड हवेत चार दिवस काढले, की पुष्कळांना वाटू लागते : वीज, मोटार, यंत्रे सोडून असेच साधे राहता आले तर? या विचाराला आपल्याकडे आधार दिला जातो तो गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य' (१९०९) या पुस्तकाचा. रेल्वे, गिरण्या, डॉक्टर यांच्यावर त्यात कडक टीका आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे, पण तपासून वाचावे.

यंत्रामुळे फायदा कोणाचा होतो आणि हात कोणाचे रिकामे होतात, हा पुस्तकातला प्रश्न आजही खरा आहे. उणीव वेगळीच आहे. यंत्र नसले तर कोणाला किती कष्ट पडतात, याचा हिशेब त्यात मांडलेला नाही.

महाबळेश्वर परिसरातली लाकडाची चूल घेऊ. येथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. ओल्या लाकडातली बरीच उष्णता त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. ज्वलन अपुरे राहते. कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचे सूक्ष्म कण घरात साठतात. मोळी वाहून आणायची बाईने आणि धूरही तिनेच गिळायचा. पाहुण्याला मात्र हे जगणे साधे, सुंदर वाटते.

गांधीजी स्वतः त्या पुस्तकापाशी थांबले नाहीत. १९२९ मध्ये त्यांच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा १५० रुपयांच्या आत मिळावा, बाईला फारसे न थकता ८ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे आणि तो २० वर्षे टिकावा, अशा अटी होत्या. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असा चरखा घडवला गेला. पण तो अटींना उतरला नाही.

आमच्या मते 'हिंद स्वराज्य'पेक्षा या अटी आज अधिक उपयोगी आहेत. त्या यंत्राला नकार देत नाहीत. किंमत, श्रम, काम आणि टिकाऊपणा मोजायला लावतात. गॅसची शेगडी धुराच्या प्रश्नात उत्तीर्ण होते, पण सिलिंडर पुन्हा भरून आणण्याच्या खर्चापाशी अनेक घरांत अडते.

वर्गात मुलांना घरातली एखादी वस्तू निवडायला सांगा आणि हेच चार प्रश्न विचारा. पाचवा प्रश्न आपण जोडू : ती वस्तू नसेल, तर तिचे काम घरात कोण करील?