व्हाइटहेडचा सहदुःखी ईश्वर

जगांत दुःख आहे आणि ईश्वर सर्वशक्तिमान् व दयाळू आहे, हीं दोन विधानें एकत्र नांदवितांना ख्रिस्ती धर्मशास्त्राची नेहमींच तारांबळ उडते. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांनीं 'प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी' (१९२९) या ग्रंथांत सर्वशक्तिमत्त्वच सोडून दिलें. एडिंबरो येथील गिफर्ड व्याख्यानांतून सिद्ध झालेला हा ग्रंथ फार दुर्बोध आहे, आणि ही दुर्बोधता कांहीं अंशीं तरी टाळतां आली असती; परंतु मुख्य सिद्धांत स्पष्ट आहे. जग स्थिर द्रव्यांचें नसून क्षणोक्षणीं घडणाऱ्या व घडतांच लोपणाऱ्या अनुभवघटनांचें आहे. प्रत्येक घटना पूर्वीचें जग आपल्यांत सामावून घेते, तरी स्वतःला घडविण्याचा थोडा अधिकार तिच्याकडेच राहतो. ईश्वर तिला उत्तम शक्यता दाखवितो. बळजबरी करीत नाहीं, करूंही शकत नाहीं. म्हणून तापानें फणफणणाऱ्या अर्भकाच्या दुःखाचा जाब ईश्वराला विचारतां येत नाहीं. आणि आपल्याकडील कर्मसिद्धांताप्रमाणें तो त्या अर्भकालाही विचारला जात नाहीं! हें या मताचें मोठेंच पुण्य.

परंतु खरें अनिष्ट याहून खोल आहे, असें व्हाइटहेड म्हणतात : काळ पुढें सरकतो म्हणजेच झालेलें मावळतें. ही क्षणभंगुरता बौद्धांनींही ओळखली. त्यांनीं तृष्णा सोडावयास सांगितलें. व्हाइटहेड यांना गेलेलें जपून ठेवणारा कोणी हवा आहे. तो त्यांचा ईश्वर. तो प्रत्येक वेदना स्वतः भोगतो आणि आपल्या अनुभवांत कायमची सांठवितो. त्यांचा धाकटा मुलगा एरिक १९१८ सालीं फ्रान्समध्यें विमानदळांत लढतांना मारला गेला, व पुढच्याच वर्षीचा त्यांचा ग्रंथ त्याला अर्पण केलेला आहे. शोकांतून सिद्धांत जन्मला असें म्हणणें उथळपणाचें होईल. पण हा विचार ऐषआरामांत सुचलेला नव्हे, एवढें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

आमचा आक्षेप येथेंच आहे. जपला जातो तो अनुभव. अनुभवणारा मरणोत्तर उरतो कीं नाहीं, याविषयीं व्हाइटहेड 'रिलिजन इन द मेकिंग' (१९२६) मध्यें तटस्थच राहिले. ईश्वराच्या ठायीं जी वेदना अखेर सुसंवादी होते, ती भोगणाऱ्यापुरती बेसूरच राहिलेली असते. डेव्हिड ग्रिफिन यांनीं १९७६ सालीं या पक्षाचें समर्थन करतांना म्हटलें, कीं सुखाची पात्रता वाढली म्हणजे दुःखाचीही वाढतेच. दगडाला दोन्ही नाहींत. युक्तिवाद बळकट आहे, पण तो जीवसृष्टीच्या एकंदर जमाखर्चाचा आहे. आठ दिवस जगून गेलेल्या मुलाच्या खात्यावर जमेची बाजू कोणती, हें त्यांतून निघत नाहीं.