पाय सुटल्यानंतरच्या सहा फ्रेम

कड्याच्या टोकावरून पाय सुटला तरी लगेच सगळं संपत नाही. त्यानंतर सहा फ्रेमपर्यंत हा गेम तुमची उडी मान्य करतो. सेकंदाला तीस फ्रेम या हिशेबाने तो सेकंदाचा पाचवा भाग झाला. पाय हवेत, खाली काटे, बोटाला उशीर झालेला, आणि तरी उडी लागते. खेळणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, आपण अगदी वेळेवर उडालो.

‘सेलेस्ट’ या गेमच्या पहिल्या, चिमुकल्या रूपातली ही गोष्ट. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी 2015 मध्ये एका गेम जॅममध्ये चार दिवसांत तो उभा केला. गेम जॅममध्ये मुदत ठरलेली असते, बहुतेक वेळा विषय आयत्या वेळी मिळतो, आणि मुदत संपायच्या आत दुसऱ्याला खेळता येईल असा गेम हातावेगळा करायचा असतो. या दोघांनी तो पिको-8 या छोटे गेम करायच्या आभासी यंत्रावर केला. पिको-8 मध्ये 128 बाय 128 ठिपक्यांचा पडदा आणि 16 रंग मिळतात, आणि चित्रं, आवाज, नकाशे, कोड हे सगळं 32 केबीत बसवावं लागतं. हा छोटा गेम आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. इथे अंबाजोगाईत बसून साध्या मोबाईलवरही तो उघडतो. 2018 मध्ये याच बीजातून मोठा ‘सेलेस्ट’ आला, त्याला त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमचा पुरस्कार मिळाला, आणि मग सगळ्यांनी त्याच्यावर भरभरून लिहिलं. मला मात्र त्या चार दिवसांच्या गेमबद्दल लिहायचं आहे. छोट्या गेमला अभिप्राय कसा द्यावा, हे मी त्याच्याकडून शिकलो.

एक लहान पोर डोंगर चढतंय, एवढीच गोष्ट. दर पडद्याला शंभर मीटर. चालणं, उडी, आणि हवेत एकदाच घेता येणारी झेप, एवढंच त्याच्या हाती. झेप शिल्लक असेल तर केस लाल, वापरून झाली की निळे. झेप उरली का हे सांगायला पडद्याच्या कोपऱ्यात ना आकडा, ना पट्टी, ना हृदयाची चित्रं. जी एक गोष्ट खेळताना कळायला हवी, ती जिथे नजर आधीच खिळलेली आहे तिथेच, पोराच्या डोक्यावर ठेवलेली. मोजक्याच ठिपक्यांचे ते केस. पण त्यांचा रंग बदलला की अंगठ्याला कळतं, आता लगेच दुसरी झेप घेता येणार नाही.

पिको-8 ची एक खुबी अशी की कुणाचाही गेम उघडून त्याचा कोड वाचता येतो. मी हा कोड वाचला, आणि खेळताना जे नुसतं ‘बरं वाटत’ होतं त्याचे आकडे सापडत गेले. सहा फ्रेमची ती सवलत तिथेच भेटली. दुसरी तिच्या उलट बाजूची: जमिनीला टेकायच्या जरा आधीच बटण दाबलं गेलं, तर गेम ते चार फ्रेम लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. म्हणजे उशीर झाला तरी सांभाळून घेतो, घाई झाली तरी. झेप घेताक्षणी सगळा पडदा दोन फ्रेम गोठतो आणि मग हलकासा थरथरतो. दोन फ्रेम म्हणजे डोळ्याला न दिसणारी, फक्त हाताला लागणारी गोष्ट. त्या दोन फ्रेम काढून टाकल्या तर तीच झेप, तेच अंतर, पण सगळं कागदासारखं हलकं होईल.

आणि मरण. काट्यावर पडलात की पोराचे आठ ठिपके आठ दिशांना उडतात आणि पंधरा फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदात, तोच पडदा पुन्हा सुरू. ‘खेळ संपला’ अशी पाटी नाही, मागच्या पडद्यावर ढकलून देणं नाही. किती वेळा मेलात याची मोजदाद गेम मनात ठेवतो आणि ती शिखरावर पोचल्यावर दाखवतो. हा गेम अवघड आहे, पण कठोर नाही. त्यातला फरक त्या अर्ध्या सेकंदात आहे.

संपूर्ण चढणीत शब्द जवळजवळ नाहीतच. बाराशे मीटरवर एक जुनी जागा लागते, तिथे एक दगड आहे. त्याच्याजवळ गेलं की अक्षरं एकेक करून उमटतात: ही चढण चढताना जे गेले त्यांची ही आठवण. बस्. तोवर आपण स्वतः किती वेळा पडलेलो असतो! त्या एका वाक्याने मागच्या सगळ्या पडण्यांना एकदम वजन येतं. मोठ्या गेममध्ये याच डोंगरावर भरपूर संवाद आहेत, पात्रं आहेत, मनाची घालमेल आहे. ती चांगलीच आहेत. पण मला तो दगड जास्त आवडतो.

मला खटकलेली जागाही आहे. बावीसशे मीटरला एका पेटीतून दुसरी झेप मिळते आणि शेवटचे पडदे दोन झेपांचे होतात. देखणे आहेत, वेगवान आहेत. पण केसांच्या एका रंगावर तोललेला तो ताण तिथे सैलावतो. आधी एक झेप चुकीच्या जागी खर्च झाली की पोटात कालवाकालव व्हायची, ती नंतर तितकी होत नाही. माझ्या मते हा गेम एका झेपेचा होता आणि एका झेपेचाच राहायला हवा होता.

आता असा विचार करा. हा गेम अजून कुणालाच माहीत नाही, पुरस्कार दूरच, जॅम कालच संपलाय, आणि करणारे तुम्हाला विचारताहेत, कसा वाटला? बहुतेकांनी लिहिलं असतं: ‘भारी. जरा अवघड आहे. अजून लेव्हल टाका, गोष्ट टाका.’ यात खोटं काहीच नाही, पण त्यातून करणाऱ्याच्या हाती काय लागलं? केसांचा रंग पोचला की नाही, त्या दोन फ्रेम हाताला लागल्या की नाही, दगडाशी कुणी थांबलं का, हे त्याला कुठे कळलं? आपला गेम त्याने स्वतः शेकडो वेळा खेळलेला असतो. एकच गोष्ट त्याला करता येत नाही, ती म्हणजे तो पहिल्यांदा खेळणं. ते पहिलेपण आपल्याकडे असतं, आणि पहिल्या पाच मिनिटांत ते संपतं. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने त्या पाच मिनिटांचं वर्णन करावं. मत नंतर द्यावं, सल्ला त्याहून नंतर, आणि जमलं तर देऊच नये.

‘अजून लेव्हल टाका’ हा सल्ला तर जॅममध्ये अगदीच निरुपयोगी. 2002 पासून चालू असलेल्या लुडम डेअर या गेम जॅममध्ये मुदत संपल्यावर गेममध्ये नवं काही घालता येत नाही, फक्त अडलेलं दुरुस्त करता येतं. एकट्याने करायच्या गटात 48 तास, संघांना मुभा असलेल्या गटात 72. पुढचे काही आठवडे मात्र एकमेकांचे गेम खेळून त्यावर लिहिण्यासाठी राखलेले. मला या रचनेतलं शहाणपण फार मोलाचं वाटतं: करायला दोन-तीन दिवस, वाचायला काही आठवडे. पुरेशा लोकांनी गुण दिल्याशिवाय गेम क्रमवारीत येत नाही, आणि आपल्या गेमकडे लोक यावेत असं वाटत असेल तर आपणही दुसऱ्यांचे गेम खेळून मनापासून लिहायचं, अशी तिथली रीत आहे. गुण वेगवेगळ्या बाबींना द्यायचे: मजा, नावीन्य, विषयाशी नातं, चित्र, आवाज, विनोद, भाव, आणि एकूण गेम. तक्ता उपयोगी आहे, पण ‘सेलेस्ट’मधल्या त्या सहा फ्रेम या तक्त्यात कुठे बसणार? गंमत अशी की त्या चांगल्या जमल्या तर कुणाच्या नजरेलाही येत नाहीत. त्या शोधून सांगायला कुणीतरी रसिक लागतो.

आपल्याकडे हे काम एकांकिकांच्या परीक्षकांनी वर्षानुवर्षं केलंय. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची पोरं नाटक बसवतात आणि निकालाइतकीच परीक्षकांच्या चार शब्दांची वाट पाहतात. 2022 मध्ये अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक एकाही संघाला दिला नाही, आणि त्यावरून केवढा वाद झाला. कसोटी उंच ठेवण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. जॅमच्या गेमला मात्र ती पट्टी लावू नये. एकांकिकेमागे तालमींचे आठवडे असतात. इथे दुसऱ्या दिवशी रात्री कोड मोडतो, आवाज वाजेनासा होतो, आणि पहाटे जे चालतंय ते द्यावं लागतं. अशा गेमला ‘पूर्ण आहे का’ असं विचारणंच चूक. त्यात एक तरी जागा जिवंत आहे का, असेल तर नेमकी कोणती, हे शोधावं.

आमच्या बीड जिल्ह्यातून कुणी असा गेम केला तर तो कसा वाचावा, याचा मी बरेचदा विचार करतो. समजा, विषय आलाय ‘ओझं’. माजलगावच्या किंवा धारूरच्या एखाद्या पोराने 48 तासांत गेम केलाय. दसरा-दिवाळीनंतर त्याच्या ओळखीतली माणसं टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यामुळे त्याला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पडद्यावर एक ट्रक, त्याला तिरकी लावलेली अरुंद फळी, डोक्यावर उसाची मोळी घेऊन चढणारी बाई. चुंबळ चार ठिपक्यांची, पण आहे. मोळी कलते, बटणाने ती सावरायची, वर जाऊन गाडीत टाकायची, पुन्हा खाली यायचं. बस् एवढाच गेम.

यावर ‘विषय छान हाताळलास, सामाजिक भान आहे’ असं लिहिणं सोपं आहे. पण ते गेम न खेळताही लिहिता आलं असतं, हे पोराला लगेच कळेल. मी साधारण असं लिहीन:

‘फळीच्या मध्यावर मोळी डावीकडे कलली तेव्हा बटण दाबायच्या आधी माझी मानच उजवीकडे गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. उतरताना डोकं रिकामं असूनही तू तिची चाल हळूच ठेवली आहेस. आधी वाटलं चुकून राहिलंय, मग लक्षात आलं की ती दमली आहे. मोळी गाडीत पडते तेव्हा घंटी वाजते आणि दहा गुण वर उसळतात. तिथे माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं ते पुन्हा चढलंच नाही. पाचव्या मोळीनंतर मी फळीकडे पाहत नव्हतो, गुणांकडे पाहत होतो.’

यात गुण काढून टाक असं कुठेही म्हटलेलं नाही. काय झालं, कुठे झालं, एवढंच आहे. उतरतानाची ती संथ चाल त्याने विचार करून ठेवली असेल, तर ती एका अनोळखी माणसापर्यंत पोचली हे त्याला कळेल. चुकून राहिली असेल, तर आपल्या चुकीत काय दडलं होतं ते कळेल. दोन्हीकडून त्याचा फायदाच.

गुणांबद्दल मला एक कल्पना सुचते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती तोडीच्या कामातून फेडायची असते. तेव्हा आकडा शून्यापासून वर चढण्याऐवजी उचलीच्या रकमेपासून हळूहळू खाली यावा, आणि मोळ्या संपल्या तरी तो शून्याला पोचू नये. कल्पना चांगली आहे. पण मी ती अभिप्रायात लिहिणार नाही. लिहिली की गेम माझा होतो आणि पोर माझ्या सूचना अमलात आणणारा कारागीर. फडाजवळच्या कोपीवर कोण राहिलंय, मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि कदाचित त्याला यापेक्षा खरं काही सुचेल. म्हणून मी शेवटी फक्त विचारीन: ‘हे दहा गुण कुणाच्या वहीत जमा होतात?’

एवढ्याशा गेमवर इतकं लिहायचं का, असं कुणी विचारेल. अंबाजोगाईत तरी हा प्रश्न पडू नये. याच गावी संतकवी दासोपंतांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला. मूळ रचना केवढी आणि तिच्यावरचं भाष्य केवढं, याचं मोजमाप इथे कधीच कुणी ठेवलेलं नाही. दोन मिनिटांच्या गेमवर दोन पानं लिहावीशी वाटली तर खुशाल लिहावीत. अट एकच, त्यातलं प्रत्येक वाक्य गेममधल्या कुठल्यातरी जागेवर बोट ठेवणारं असावं.

आणि खाली दोन ओळी कोरड्या माहितीच्याही लिहाव्यात, त्या विसरू नयेत: मोबाईलवर खेळलो की कॉम्प्युटरवर, आवाज चालू होता का, बटण कुठे अंगठ्याखाली आलं नाही, कितव्या मोळीला गेम सोडला आणि परत उघडला का.