वेताळ तोच, हात निराळे

एखाद्या दीर्घायुषी चित्रकथेचा लेखक वा चित्रकार बदलला की तिच्या चाहत्यांत जी खळबळ उडते, ती बाहेरच्या माणसास काहीशी पोरकट वाटते. मुखवटा धारण करणाऱ्या एका काल्पनिक वीराची हनुवटी कालच्यापेक्षा आज थोडी रुंद निघाली, तर त्यात एवढे बिघडले काय, असे तो विचारतो. आमच्या मते हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कलाकृती निर्मात्याची की वाचकाची, तिचे सातत्य नेमके कशात असते, आणि वारसाने पूर्वसूरींचे काय राखावे व काय सोडावे, हे प्रश्न त्या खळबळीच्या मुळाशी असतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार आम्ही ‘वेताळ’ या चित्रकथेच्या आधारे करणार आहोत.

वेताळाची निवड करण्यास दोन कारणे आहेत. अंगासरशी पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही जी वीरपुरुषाची वेशभूषा आज जगभर परिचित आहे, ती वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत वेताळाने रूढ केली. तीही १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी. दुसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि १९९० पर्यंत आठशेहून अधिक अंक काढले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांतून ते निघत. त्यामुळे आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या घरांत एका भावंडाच्या हाती मराठी ‘वेताळ’ तर दुसऱ्याच्या हाती हिंदी ‘वेताल’ असे, आणि दोघेही आपापल्या पुस्तकालाच खरे मानीत.

मूळ मालिकेचा इतिहास थोडक्यात असा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ती सुरू केली. त्यापूर्वी दोन वर्षे त्याचाच जादूगार मँड्रेक अवतरला होता. आरंभीचा चित्रकार रे मूर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मूरचे काम हळूहळू विल्सन मॅकॉय याच्याकडे आले. १९६१ साली मॅकॉयचे निधन झाल्यावर, मधला अल्पकाळ सोडल्यास, साय बॅरी आला आणि १९९४ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे टिकला. त्यानंतर जॉर्ज ओलेसन व कीथ विल्यम्स, ग्रॅहम नोलन, पॉल रायन, माइक मॅन्ली, टेरी बीटी, जेफ वायगल अशी नावे येतात. लेखक मात्र एकच राहिला. मार्च १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्रेसष्ट वर्षे, फॉकने ही कथा स्वतःकडे ठेवली. त्याच्यानंतर ती प्रामुख्याने टोनी डीपॉल याच्याकडे गेली.

या हस्तांतरांविषयी चाहत्यांची जी मते वर्षानुवर्षे चालत आली आहेत, त्यांचे ढोबळमानाने तीन पंथ पडतात. पहिला मूरपंथ. त्याच्या मते मूरच्या कुंचल्यात जो अंधार होता, धुके आणि सावल्यांतून अर्धवट दिसणारी जी आकृती होती, तोच वेताळ. पुढे सारे उजेडात आले आणि भय संपले. दुसरा मॅकॉयपंथ. मॅकॉयची माणसे ताठर, रेघ सपाट आणि पार्श्वभूमी रिकामी, हे त्याचे चाहतेही नाकारीत नाहीत. पण याच काळात फॉकच्या कथा बहरल्या आणि त्या साध्या रेघेने कथेच्या वाटेत कधी पाय घातला नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तिसरा बॅरीपंथ. भारतातील वाचक बहुसंख्येने याच पंथाचा. पिळदार शरीर, दाट अरण्य, माणसामाणसांच्या चेहऱ्यांतील फरक आणि नेटकी मांडणी हे बॅरीचे गुण आम्हां सर्वांच्या डोळ्यांत इतके मुरलेले आहेत की त्यानंतरचा प्रत्येक चित्रकार आम्हांस बॅरीची बरीवाईट नक्कल करणारा वाटतो.

या तिन्ही मतांत तथ्यांश आहे. तरीही त्यांची छाननी केली असता एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेकांचा ‘खरा’ वेताळ हा ज्याने त्याने वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी पाहिलेला वेताळ असतो. मूरच्या जागी मॅकॉय आला तेव्हा ज्याला परका म्हटले गेले असेल, तोच पुढच्या पिढीस घरचा वाटला, आणि त्याच्या जागी आलेला बॅरी त्या पिढीस परका झाला. पोशाखाच्या रंगाचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेत १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा वेताळ जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत तांबडा. फॉकच्या मनात मुळात करडा रंग होता. म्हणजे ज्या जांभळ्या रंगासाठी आम्ही वाद घालू, तो निर्मात्याच्या संकल्पनेतलाच नाही! चाहत्याचे मत अशा वेळी कलाकृतीपेक्षा त्याच्या बाल्याविषयी अधिक सांगते. बाल्याविषयीची निष्ठा ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण तिला समीक्षा समजण्याची चूक करू नये.

उलटपक्षी, जे बदल खरोखरच मजकुराला हात घालणारे होते, त्यांविषयी आम्ही भारतीय वाचक चकार शब्द बोललो नाही. मूळ कथेतील वेताळाची भूमी ‘बेंगाली’ या नावाची होती. इंद्रजालमध्ये ती ‘डेंकाली’ झाली. मूळचे ‘सिंग’ चाचे येथे ‘सिंगा’ झाले. नामसादृश्याने कोणाच्या भावना दुखावू नयेत, हा हेतू उघड आहे. ठरावीक पृष्ठसंख्येत बसविण्यासाठी चित्रचौकटीही कापल्या जात. खुद्द ‘वेताळ’ हे नाव घ्या. गोव्यात व कोकणात वेताळ ही गावाचे रक्षण करणारी देवता आहे. शिवाय विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ कोणास ठाऊक नाही? मूळ इंग्रजी नावात यांतील काहीही नाही. अनुवादकाने एका शब्दात त्या परदेशी वीरास आपल्या वेशीवर आणून बसविले. निर्मितीच्या चमूत न मोडणाऱ्या त्या माणसाने केलेला हा बदल कोणत्याही चित्रकाराने केलेल्या बदलाहून मोठा होता, आणि तो आम्हांस इतका भावला की बदल म्हणून जाणवलाच नाही.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. नव्या हातांनी मूळ बिघडविले, ही तक्रार करणारे हे विसरतात की सर्वांत मोठे फेरफार मूळ हातानेच केले होते. एक्केचाळीस वर्षे लांबलेला वेताळ-डायना विवाह फॉकने १९७७ साली लावला. पुढे किट आणि हेलॉइज ही जुळी मुले जन्मली. आरंभी आशियाई वाटणारी वेताळाची भूमी पुढे बंगाला नावाचे आफ्रिकी राष्ट्र झाली. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे, गोऱ्या माणसाने अरण्यातील भोळ्या जमातींवर पितृवत् सत्ता गाजवावी, ही जी वसाहतकालीन कल्पना आरंभीच्या कथांत होती, तिला फॉकने उत्तरकाळात मुरड घातली. लुआगा हा सुविद्य कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष त्याने उभा केला आणि वेताळ त्याचा मित्र व सहायक ठरला. ती जुनी कल्पना पूर्णतः पुसली गेली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गुहेतील सिंहासन तेथेच राहिले. परंतु १९३६ चा वेताळ जसाच्या तसा जपला असता, तर आज आम्ही तो नातवंडांच्या हाती देऊ शकलो नसतो. जे मूळ आहे ते सर्वच जपण्यायोग्य असते असे नाही, हे निर्मात्यास चाहत्यांच्या आधी उमगले होते.

आपल्या नाट्यपरंपरेत या प्रकरणास जवळचे असे एक उदाहरण आहे. भाऊराव कोल्हटकर हे बडोद्याचे; किर्लोस्कर मंडळींत त्यांची शकुंतला आणि सुभद्रा गाजली. १९०१ साली ते निवर्तले. १९०५ साली त्याच मंडळीत, मिरजेस, बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले. नाटक तेच, भूमिका तीच, पदेही तीच. बालगंधर्वांनी भाऊरावांची प्रतिकृती होण्यात आयुष्य घालविले असते, तर मराठी रंगभूमीचे केवढे नुकसान झाले असते! शकुंतलेचा शालीन भाव राखून त्यांनी गळा आपला लावला. वारशाचा हा खरा व्यवहार होय.

मग चाहत्याने नव्या हाताकडून अपेक्षा तरी कशाची करावी? याचे उत्तर वेताळाच्या कथेतच आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. अरण्यातील लोक समजतात की वेताळ अमर आहे. वाचकास ठाऊक असते की तो एक माणूस नसून एकवीस पिढ्यांची परंपरा आहे. पिता गेला की पुत्र कवटीच्या गुहेत येतो, मूळ पुरुषाच्या पित्याला मारणाऱ्या चाच्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांविरुद्ध लढण्याची शपथ घेतो आणि तोच मुखवटा चढवितो. गुहेत प्रत्येक पिढीच्या वेताळाने लिहिलेल्या बखरी रांगेने ठेवलेल्या आहेत. त्या बखरींतील अक्षर प्रत्येकाचे निराळेच असणार. कोणत्याही वेताळास बापाचे अक्षर गिरविण्याची सक्ती नाही. शपथ मात्र सर्वांस एकच आहे. चित्रकथेच्या वारसांसही हाच न्याय लागू करावा, असे आम्ही म्हणतो. रेघ हे अक्षर आहे, शपथ नव्हे.

या कसोटीने पाहिल्यास चाहत्यांच्या तक्रारींचे दोन भाग पडतात. नोलनचा वेताळ बॅरीसारखा दिसत नाही, ही अक्षराविषयीची तक्रार झाली. ती काळ मिटवितो. डीपॉलने २००९ ते २०११ या काळात डायनाच्या मृत्यूची दीर्घ कथा चालविली आणि ती जिवंत असल्याचे पुढे उघड केले. या कथेविषयीची नाराजी वरवर पाहता शपथेविषयीची वाटते. कथेची लांबी आम्हांसही अधिक वाटते, आणि वाचकास इतका काळ शोकात ठेवावे काय, हा प्रश्न रास्त आहे. तथापि वेताळाचे व्रत त्यात मोडलेले नाही. त्या व्रताची किंमत घरातल्यांस कशी मोजावी लागते, एवढेच डीपॉलने दाखविले. फॉकने विवाह लावला तेव्हाच हा प्रश्न जन्मला होता. वारसाने तो टाळला नाही, ही आमच्या लेखी त्याच्या बाजूची गोष्ट आहे. याउलट, उद्या एखाद्या लेखकाने वेताळास सूडासाठी सरसहा माणसे मारणारा केले, तर चित्रे साक्षात बॅरीच्या तोडीची असली तरी वाचकाने निषेध नोंदवावा. तो त्याचा हक्कच नव्हे, कर्तव्य आहे.

हस्तांतराचा अव्हेर करण्याचा मार्गही उपलब्ध असतो, हे नमूद केले पाहिजे. बेल्जियन चित्रकार एर्जे याने आपल्यानंतर टिनटिनच्या नव्या कथा कोणी रचू नयेत अशी इच्छा प्रकट केली, आणि १९८३ साली त्याच्या निधनानंतर ती पाळली गेली. त्यात एक भारदस्त शुचिता आहे. मात्र टिनटिन तेथेच थांबला. वेताळ चालत राहिला, अधूनमधून अडखळत, पण चालत. ज्या वीराचे सारे रहस्यच ‘एक गेला तरी दुसरा उभा राहतो’ यात आहे, त्याला हाच मार्ग शोभतो.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आम्ही जवळून पाहिली आहे. कार्यभार सोपविताना गेलेल्या अधिकाऱ्याचे गुण अकस्मात सर्वांस आठवू लागतात, आणि खुर्चीत असताना त्याच्याविरुद्ध जे बोलले जाई ते कोणास आठवत नाही. चाहत्यांचेही असेच होते. यात सर्वाधिक अन्याय होतो तो मधल्या फळीतील हातांवर. जॉर्ज ओलेसनने बॅरीचा सहायक म्हणून दीर्घकाळ पेन्सिलीचे काम केले. ज्या चित्रांना आम्ही बॅरीची म्हणून कवटाळून बसलो, त्यांतील कितीतरी त्याच्या हातून उतरली होती. पुढे त्याचे नाव उघडपणे छापले जाऊ लागले, तेव्हा चाहत्यांस तो नवखा वाटला! नाव न छापता केलेले काम आवडावे आणि नाव छापताच ते उणे वाटावे, यावरून आमची दृष्टी चित्रावर किती आणि नावावर किती असते, ते कळून यावे.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांस हा विषय परका वाटू नये. आपली मराठी आजोबांची राहिली नाही, असे प्रत्येक पिढीस ऐकविले जाते. अक्षर बदलले हे खरेच आहे. आपापल्या घरात शपथ टिकली आहे की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे. वेताळाविषयी आमचा निर्णय असा की बॅरी आम्हांस सर्वांत प्रिय आहे, आणि तरीही बॅरीनंतरचा वेताळ खोटा नाही. जुने इंद्रजाल माळ्यावर जपून ठेवलेल्या वाचकांनी नव्या चित्रकारांचे काम एकदा हनुवटी न मोजता वाचून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.