हातोड्याची किंमत आणि कलेचे मोल : लिलावगृहांच्या व्यवहाराची एक चिकित्सा

प्रास्ताविक

चित्राची किंमत आणि चित्राचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्वतः सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात मात्र लिलावात विक्रमी बोली लागली की त्या आकड्यालाच चित्रकाराच्या श्रेष्ठत्वाचे प्रमाण मानले जाते. हा आकडा ज्या संस्थेत आकाराला येतो त्या लिलावगृहाचा इतिहास व व्यवहार पाहून, त्यात चित्रकाराचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इतिहास व व्यवहार

लंडनमध्ये १७४४ साली सॅम्युअल बेकर या पुस्तकविक्रेत्याने केलेल्या ग्रंथलिलावापासून सदबीज या संस्थेचा, तर १७६६ साली जेम्स ख्रिस्ती यांच्या लिलावापासून ख्रिस्तीजचा आरंभ मानला जातो. लिलावगृह हे सामान्यतः चित्राचे मालक नसून मध्यस्थ असते. ते विक्रेत्याकडून दलाली घेते. १९७५ पासून या दोन्ही संस्थांनी खरेदीदारावरही अधिभार बसवला. अंदाजित किंमत छापून जाहीर होते. ज्या किमतीखाली चित्र विकायचे नाही ती राखीव किंमत मात्र गुप्त राहते.

म्हणजे चित्राचे वर्णन लिहिणारी, त्याची किंमत सुचवणारी आणि विक्रीतून मिळकत करणारी संस्था एकच असते. १९९०च्या दशकात या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी दलालीचे दर संगनमताने ठरवल्याचे उघड झाले. २००० साली त्यांनी ५१ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली आणि २००१ साली सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन दोषी ठरले. बाजाराची तटस्थता गृहीत धरता येत नाही, हेच त्यातून दिसते.

भारतीय चित्रकलेचा अनुभव

२००० साली मुंबईत सॅफ्रनआर्टची स्थापना झाली आणि भारतीय चित्रांच्या लिलावाला देशातच पाय रोवता आले. तय्यब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ २००२ साली न्यूयॉर्कमध्ये ३ लाख १७ हजार ५०० डॉलरला, तर ‘महिषासुर’ २००५ साली सुमारे १५ लाख ८० हजार डॉलरला विकले गेले. नागपूर येथे जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ साली निवर्तले. त्यांच्या एका चित्राला २०१३ साली मुंबईतील ख्रिस्तीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये, तर दुसऱ्या एका चित्राला २०२५ साली सुमारे ६७ कोटी रुपये मिळाले.

गायतोंडे मोजकीच चित्रे रंगवीत. रंगाचे थर चढवणे, खरवडणे, थांबणे ही त्यांची साधना होती. बाजाराच्या भाषेत तिचे नाव ‘दुर्मीळता’ असे होते. चित्रकाराचा संयम हा येथे पुरवठ्याचा प्रश्न बनतो.

लिलावगृहांचे योगदान नाकारणे मात्र अन्यायाचे ठरेल. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद, बनावट कृतींची छाननी आणि किमतींची जाहीर वाच्यता यांमुळे अभ्यासकाला साधने मिळाली. परंतु त्यांची सूचिपुस्तिका म्हणजे समीक्षा नव्हे. एखादे चित्र फसले आहे, असे म्हणण्याची मुभा तिला नसते.

कायदा आणि चित्रकार

‘महिषासुर’ विकले गेले तेव्हा तय्यब मेहता हयात होते. फेरविक्रीतील नफा मात्र तत्कालीन मालकाचा असतो. या विषमतेवर उपाय म्हणून फ्रान्सने १९२० साली आणि ब्रिटनने २००६ साली चित्रकाराला फेरविक्रीत वाटा दिला. भारतीय प्रताधिकार कायद्यातही १९९४च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. १०,००० रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची फेरविक्री झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना कमाल १० टक्क्यांपर्यंत वाटा त्यात मान्य केला आहे. परंतु प्रत्येक विक्रीच्या वेळी तो आपोआप वसूल करण्याची व्यवस्था या कलमात नाही. हक्क कागदावर आहे. तो मागण्याचा भार चित्रकारावरच आहे.

समारोप

लिलावगृहाने किंमत ठरवावी. तो त्याचा व्यवसाय आहे. मात्र दोन गोष्टी त्याच्यावर सोडता येणार नाहीत. फेरविक्रीतील वाटा विक्रीच्या वेळीच वेगळा काढण्याची सक्ती कायद्याने करावयास हवी. आणि चित्राच्या गुणदोषांचा निर्णय स्वतंत्र समीक्षेने द्यावयास हवा. मराठीतील कलासमीक्षा आकड्यांपुढे मौन पाळू लागली, तर त्या रिकाम्या जागी सूचिपुस्तिकाच समीक्षा म्हणून वाचली जाईल.