दोन वाक्यांचा महाग्रंथ

आजवर मी ज्या पुस्तकांवर टीका केली, ती सगळी दुसऱ्याची मागून आणलेली. हा ग्रंथ मात्र माझ्या पैशाने, माझ्याच डिस्कवर लिहिला गेला. तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मला नक्कीच पोचतो.

लेखक आहे एक व्हीपीएनचा प्रोग्रॅम. व्हीपीएन म्हणजे घरापासून कचेरीपर्यंत इंटरनेटमधून खणलेला खाजगी बोगदा. खणताना काय काय घडलं ते 'लॉग' नावाच्या वहीत टिपायचं, अशी रीत आहे. आमच्या रोजकीर्दीचीच धाकटी बहीण म्हणा ना!

रविवारी रात्री सोसायटीचा ताळेबंद एकदाचा जुळला. हरवलेल्या तीन रुपये साठ पैशांसकट जुळला! सेव्ह करायला गेलो, तर संगणक म्हणतो, 'डिस्कवर जागा नाही.' बंद करून पुन्हा सुरू केला. संगणक परत आला. ताळेबंद आला नाही.

भाच्याने नाडी पाहिली. "मामा, लॉग फुगलाय!"

ग्रंथात वाक्यं दोनच. 'जोडणी तुटली.' 'पुन्हा जोडतो.' मधे श्वाससुद्धा न घेता सेकंदाला हजार ओळी. ओळीला शंभर अक्षरं धरा, दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे रोज 864 कोटी अक्षरं! तीन दिवसांत जवळजवळ 26 जीबी. एवढं लिहून नायक जागचा हललेला नाही.

या लेखनप्रकाराला परंपरा नाही असं नाही. 1980च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सिसलॉग' घडवला. त्यात निरोपांच्या निकडीच्या आठ पायऱ्या आहेत, 0 ते 7. 0 म्हणजे हाहाकार, 7 म्हणजे कारागिराचं स्वतःशी पुटपुटणं. तोच निरोप लागोपाठ आला, तर 'वरील निरोप इतक्या वेळा' एवढंच लिहून मोकळं व्हायची सोयही जुन्या सिसलॉगमध्ये होती. आमचा लेखक वस्ताद! त्याने दोन वाक्यं आळीपाळीने लिहिली. लागोपाठ सारखं काहीच नाही, मग आटोपतं घेणार कसं?

भाच्याने फाइल पुसली, तरी जागा सुटेना. प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवली होती. कपाटातून पुस्तक काढलं, पण लेखक कपाटातच! शेवटी त्यालाच थांबवावं लागलं.

पुसण्यापूर्वी भाच्याने वरची पानं काढून ठेवली होती. त्यात अगदी पहिली ओळ होती : 'प्रमाणपत्राची मुदत संपली आहे.' बस्स! सगळं मर्म त्या एका ओळीत. तिथेच लेखणी खाली ठेवली असती, तर मी याला उत्तम लेखक म्हटलं असतं. मुदत संपल्यावर सेकंदाला हजारदा दार ठोठावून काय होणार? थोडं थांबावं, मग आणखी थोडं जास्त थांबावं, एवढा पोच तर आमच्या वसुलीवाल्यांनाही असतो. खरं सांगणारी ओळ रडगाण्याखाली पुरली गेली, ही माझी खरी तक्रार.

ताळेबंद पुन्हा मांडतो आहे. ते तीन रुपये साठ पैसे कुठे सापडले होते, ते आता आठवत नाही. 26 जीबीच्या ग्रंथात त्याची मात्र एका ओळीचीही नोंद नाही.