रॅपगीतातील जवाहिऱ्याचे नाव

अमेरिकेतील हिप-हॉप संस्कृतीवर आजवर जे लेखन झाले आहे, त्यात दागिन्यांचा विचार बहुधा समाजशास्त्राच्या अंगाने केलेला आढळतो. गळ्यातील जाड साखळी म्हणजे नवश्रीमंतीचे प्रदर्शन, एवढे म्हटले की विषय संपला, अशी अनेकांची समजूत दिसते. परंतु या गीतांत दागिन्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट मोठ्या आग्रहाने येते, ती म्हणजे जवाहिऱ्याचे नाव. वस्त्रांविषयी बोलताना गायक गुच्चीसारख्या कंपनीचे नाव घेतो, शिवणाऱ्याचे घेत नाही (हार्लेममधील डॅपर डॅन हा ठळक अपवाद). दागिन्याची गोष्ट निघाली की मात्र तो माणसाचे नाव घेतो. हे का व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रशस्तिकाव्याची रीत आपणांस परिचित आहे. राजाने द्यावे, कवीने घ्यावे, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याचे गुण गावेत. रॅपगीतात ही रीत उलटलेली दिसते. येथे पैसा मोजतो तो कवी, आणि गौरव होतो तो पैसा घेणाऱ्याचा. ही निव्वळ जाहिरात आहे, असा आक्षेप यावर सहज सुचतो. पण तो अपुरा आहे. जवाहिऱ्याचे नाव घेताना गायक वस्तुतः स्वतःविषयीच साक्ष देत असतो. मी त्या दुकानात गेलो, त्याने मला ओळखले, माझ्या पैशाला तेथे मान मिळाला, हे त्याला सांगावयाचे असते. नाव ही एक पावती आहे, फक्त ती लिहून ठेवावयाची नसून म्हणून दाखवावयाची आहे. कान्ये वेस्ट याच्या २००४ मधील ‘ऑल फॉल्स डाउन’ या गीतात तर हेच नाव कबुलीजबाबात येते. स्वतःचे घर होण्याआधीच आपण जेकबकडे जाऊन मोठी रक्कम उधळली, असे तो सांगतो. आणि गीताचा सगळा रोख अशा खर्चाच्या मुळाशी असलेल्या न्यूनगंडावर आहे. जाहिरातीत असली कबुली कोण देईल?

ज्याचे नाव येथे आले, त्या जेकब अराबोचा जन्म १९६५ साली ताश्कंदला एका बुखारी यहुदी कुटुंबात झाला. १९७९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि १९८६ मध्ये त्याने स्वतःचा व्यवसाय उभारला. त्याच्या आधी सूरिनामहून आलेल्या एडी प्लाइनने ब्रुकलिनमध्ये, पुढे अटलांटामध्ये, दातांवर बसवावयाची सोन्याची टोपणे घडवून नाव मिळविले होते. टिटो कैसेडोने नोटोरियस बी.आय.जी. या गायकासाठी येशूच्या मुखाचे पदक घडविले. पुढे ह्यूस्टनमध्ये व्हिएतनामहून आलेला जॉनी डँग प्रसिद्धीस आला. ही नावे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दुकानदार बाहेरून आलेला, आणि गिऱ्हाईक आपल्याच देशात परके ठरलेले. दोघांपैकी कोणाच्याही पाठीशी पिढीजात पेढीची पत नव्हती. तेव्हा ती दोघांनी मिळून निर्माण केली, आणि तिचे साधन होते गीत.

भाषेच्या अभ्यासकाला येथे पुष्कळ सामग्री मिळते. व्यवसायाचे अधिकृत नाव ‘जेकब अँड कंपनी’. रूढ झाले ते ‘जेकब द ज्युएलर’. आपल्याकडे नावापुढे सराफ, सोनार, पाटील लागावे तसाच हा प्रकार असून दोन्ही पदांच्या आरंभी ‘ज’कार येत असल्यामुळे तो लयीत चपखल बसतो. (मराठीत ‘जेकब जवाहिऱ्या’ म्हटले तरी हा अनुप्रास टिकतो, हा निव्वळ योगायोग!)

‘व्हीव्हीएस’ या आद्याक्षरांचा प्रवास याहूनही बोधप्रद आहे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने १९५३ साली हिऱ्याच्या निर्मळतेची श्रेणी ठरविली. अत्यंत सूक्ष्म का होईना, पण ज्यात दोष आहे असा खडा, हा त्या श्रेणीत या आद्याक्षरांचा अर्थ. गीतांत तीच अक्षरे खुद्द हिऱ्याचे नाम झाली आणि निर्दोषतेचा अर्थ देऊ लागली. ‘ब्लिंग-ब्लिंग’ हा शब्द १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बी.जी. या गायकाच्या गीतामुळे सर्वतोमुखी झाला. प्रकाशाला आवाज नसतो, तरी हा शब्द त्याला आवाज देतो. इंग्रजी समीक्षकांना त्याचे मोठे नवल वाटले. लखलख, झगझग, चकचक यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ते वाटण्याचे कारण नाही.

तोंडी पतीची मर्यादा २००६ साली उघड झाली. डेट्रॉइटमधील ‘ब्लॅक माफिया फॅमिली’ या अमली पदार्थांच्या टोळीचा पैसा पांढरा करण्यास मदत केल्याच्या आरोपावरून अराबोला अटक झाली. २००७ मध्ये त्याने खोट्या नोंदी केल्याचे आणि तपास अधिकाऱ्यांना खोटे सांगितल्याचे मान्य केले. २००८ मध्ये त्याला तीस महिन्यांची शिक्षा झाली. दहा हजार डॉलरांहून अधिक रोख रक्कम हाती आल्यास तिची लेखी नोंद सरकारला कळवावी लागते, असा तेथील कायदा आहे. ज्याचे नाव गीतांतून पावतीसारखे फिरत होते, तो खऱ्या कागदांवरच अडकला. तरीही त्याचे नाव पुसले गेले नाही. सुटकेनंतर त्याने व्यवसाय पुन्हा वाढविला, आणि २०१४ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया’ नावाचे अतिमूल्यवान घड्याळ बाजारात आणले. ज्या समाजाचा न्यायालयांविषयीचा अनुभव कटू आहे, तो न्यायालयाच्या निकालावरून आपली साक्ष मागे घेईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

अलीकडे जवाहिऱ्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर येतो, दुसऱ्याच्या गळ्यातील खडे खोटे ठरवितो आणि आपले नाव आपणच घेतो. हा बदल आम्हांला घातक वाटतो. साक्षीचे मोल ती दुसऱ्याने दिलेली असते म्हणूनच असते. शिवाय या चित्रफितींत मिरविले जाणारे साधे परीक्षणयंत्र केवळ उष्णतेचे वहन मोजते, आणि तेवढ्याच कसोटीवर मोइसॅनाइट हा कृत्रिम खडाही हिरा म्हणून उत्तीर्ण होतो. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने हिप-हॉपच्या दागिन्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात स्लिक रिकचा मुकुट आणि नोटोरियस बी.आय.जी.चे पदक ठेवले होते. या दागिन्यांना कलावस्तूची प्रतिष्ठा मिळाली, हे योग्यच झाले. मात्र ज्या उच्चारातून त्यांना अर्थ आला, तो काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

एका उणिवेचा निर्देश करणे मात्र प्राप्त आहे. नाव घेणे म्हणजे काही नावे वगळणेही असते. सिएरा लिओनमधील यादवी युद्ध (१९९१–२००२) हिऱ्यांच्या पैशावर पोसले गेले. ‘डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन’ या २००५ मधील गीताच्या मूळ पाठात तो विषय नव्हता; त्याच वर्षीच्या नव्या पाठात कान्ये वेस्टने तो आणला. खाणीला एवढे तरी स्थान मिळाले. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरतेत, आणि त्यांची मोठी उलाढाल होते ती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये. खाणीचा उल्लेख करणारे गीत सापडते, दुकानदाराचे नाव घेणारी पुष्कळ सापडतात. पैलू पाडणाऱ्या कारागिराचे नाव घेणारे गीत आमच्या ऐकण्यात अद्याप आलेले नाही.