साहस कोणाचे, जोखीम कोणाची?

'साहस' हा शब्द आज आपण निःशंकपणे गौरवार्थाने वापरतो. साहसकथा, साहसी क्रीडा, साहसवीर या सर्व शब्दांत धाडसाची आणि उमद्या पौरुषाची छटा आहे. परंतु या शब्दाचा पूर्वेतिहास वेगळा आहे. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत 'साहस' हे एक पद असून तेथे त्याचा अर्थ बळाच्या जोरावर केलेला अपराध असा आहे. मनुस्मृतीने चोरी आणि साहस यांत भेद केला, तो असा की मालकाच्या समक्ष बळजोरीने हिरावून घेणे हे साहस आणि त्याच्या अपरोक्ष नेणे ही चोरी. दंडाच्या प्रथम, मध्यम आणि उत्तम या श्रेणींनाही 'साहस' हेच नाव आहे. एकेकाळी अपराध सुचवणारा शब्द पुढे गुणवाचक झाला. या अर्थांतराकडे भाषिक कुतूहलाचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. हिंसेला पुरुषार्थाची प्रतिष्ठा मिळण्याची जी प्रक्रिया आपल्या कथनपरंपरेत चालू असते, तिची खूण या शब्दात राहून गेली आहे.

मार्टिन ग्रीन या समीक्षकाने 1979 साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, डीड्स ऑफ एम्पायर' या ग्रंथात इंग्रजी साहसकथेचा साम्राज्यविस्ताराशी असलेला संबंध उलगडून दाखवला. डिफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'पासून (1719) पुढे या कथांनी इंग्रज पुरुषाला परमुलखात जाऊन सत्ता गाजवण्याची स्वप्ने पुरवली, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन मराठीला जसेच्या तसे लागू होत नाही, कारण येथील साहसकथा जिंकलेल्यांच्या भाषेत जन्मली. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी 1871 साली पुस्तकरूपाने आली. गेलेल्या पराक्रमाचे स्मरण करणे ही पराभूत समाजाची गरज होती. मात्र त्याच 1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा पुढे इतर प्रांतांतही पोचला आणि स्वतंत्र भारतात 1952 साली रद्द झाला. मधल्या काळात गडावर चढून शत्रूला लुटणारा कादंबरीतला वीर वाचनीय ठरत होता, आणि काही जातीजमातींतील माणूस मात्र केवळ जन्मामुळे पोलिसांच्या हजेरीपटावर जात होता. कृती तीच असली तरी तिचे नाव कर्त्याच्या जातीवरून ठरत होते.

म्हणून साहस आणि हिंसा यांतील भेद कृतीच्या बाह्य रूपात शोधून सापडणार नाही. त्यासाठी निराळी कसोटी हवी. कृतीतील जोखीम कोणाच्या देहावर पडते आणि तिचे श्रेय कोणाच्या पौरुषाकडे जमा होते, हा प्रश्न प्रत्येक कथनाला विचारता येतो.

कथावाङ्मयाबाहेर, लोकसंस्कृतीतही हा प्रश्न उघडपणे दिसतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव ज्या झाडीपट्टीत मोडते, त्या धानाच्या मुलखात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हा मोठा उत्सव. पटाच्या निमित्ताने पाहुणे जमतात आणि रात्री नाटके रंगतात. पटात ऊर फुटेस्तोवर धावतो तो बैल, गाडीवर जीव मुठीत धरून उभा राहतो तो हाकणारा. नाव मात्र जोडीच्या मालकाचे आणि त्याच्या गावाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. या काळात झालेला वाद परंपरा विरुद्ध प्राणिदया असाच मांडला गेला. दुसऱ्याच्या जिवावर मिळणारी मर्दानी प्रतिष्ठा हा त्यातला सांस्कृतिक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मराठी लोकप्रिय वाङ्मयात साहसाचे सर्वांत मोठे दालन बाबुराव अर्नाळकरांचे. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या धनंजय, झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. अभिजनांच्या समीक्षेने त्यांना हिशेबात धरले नाही, ही आपल्या समीक्षेची उणीवच आहे. परंतु आपली कसोटी लावली तर या कथांची मर्यादाही लक्षात येते. मालिकेतील नायक पुढच्या पुस्तकात परत येणार हे वाचकाला ठाऊक असते. त्यामुळे त्याची जोखीम हा एक संकेत असतो, आणि त्या संकेतातच वाचनाचा निर्मळ आनंद असतो. येथे पुरुषत्व कधी पणाला लागत नाही. ते आधीच सिद्ध झालेले असते.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (1959) या संकेताला छेद देते. कादंबरीच्या आरंभी राणोजी शेजारच्या गावाची जोगिणी आपल्या गावासाठी घेऊन येतो. जत्रेचा मान गावाला मिळतो; शिर जाते ते राणोजीचे. मांगाच्या मरणावर गावाची अब्रू उभी राहते, हे विदारक सत्य लेखकाने पहिल्या काही प्रकरणांतच नोंदवले आहे. फकिरा बापाचा वारसा घेतो, पण त्याचा अर्थ पालटून टाकतो. तो धान्य लुटतो, ते दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी. आणि सरकार आपल्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी स्वतः शरण जातो. शरणागती हा पौरुषाचा कळस ठरावा, अशी साहसकथा मराठीत दुर्मीळ आहे. तरीही एक बाब नजरेआड करून चालणार नाही. राणोजीच्या पश्चात राधेच्या वाट्याला येणारे जगणे हीही एक जोखीमच होती. कादंबरीला तिचे दुःख दिसते, पण तिच्या जगण्याला साहस म्हणावे असे वाटत नाही.

श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (1983) हा हिंदी चित्रपट या चर्चेत फार महत्त्वाचा. फौजदार अनंत वेलणकर ज्याला मारू इच्छितो, त्या रामा शेट्टीला तो हात लावू शकत नाही. साचलेला अपमान मग कोठडीतल्या एका किरकोळ आरोपीवर कोसळतो आणि तो माणूस मरतो. अखेरीस वेलणकर शेट्टीचा गळा आवळून स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. प्रेक्षकांच्या मनात हा शेवटच अधिक ठसला. चित्रपटाचे मर्म मात्र कोठडीत आहे. बापाकडून मुलाकडे आलेले आणि वरून ठेचले गेलेले पौरुष नेहमी खालीच वार करते, कारण तेथे उलटा वार होण्याची भीती नसते. शेवटच्या कृत्यात वेलणकर प्रथमच स्वतः किंमत मोजतो. पण कोठडीतल्या मृताच्या हिशेबात त्याने काही जमा होत नाही.

भंडारा जिल्ह्यातच, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे 29 सप्टेंबर 2006 रोजी जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, हत्या केली. जमावाच्या या हिंसेत जोखीम शून्य होती. तिचे प्रयोजनच मुळी दुसऱ्याला त्याची पायरी दाखवणे हे होते. अशा हिंसेला कोणती कथा सामावून घेईल? साहसकथेचा साचा तेथे मोडून पडतो, कारण त्याला द्वंद्व लागते आणि येथे द्वंद्व नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (2016) या अडचणीतून मार्ग काढला. पूर्वार्धात साहसाची सारी चिन्हे त्याने मुलीच्या हाती दिली: बुलेट, ट्रॅक्टर आणि पळून जाताना पिस्तूलही. शेवटी मात्र माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, घरात चहा होतो, आणि त्यानंतरची हत्या पडद्यावर दिसतच नाही. झुंज दाखवण्याचे नाकारून दिग्दर्शकाने मारेकऱ्यांना मर्दपणाचे श्रेयही नाकारले. हिंसा न दाखवणे हा येथे नैतिक निर्णय आहे.

हिंसेचे चित्रण असावे की नसावे, हा आपल्याकडील नेहमीचा वाद त्यामुळे अपुरा ठरतो. 'फकिरा'त रक्त आहे, 'सैराट'च्या शेवटी झुंज नाही, आणि दोन्ही कृती एकाच बाजूला उभ्या आहेत. मराठी समीक्षेने वीर, धीरोदात्त, तडफदार अशी विशेषणे वापरताना त्या वीराच्या पाठीमागे कोणाचा देह पडला आहे, हे पाहण्याची सवय लावून घेतली, तर 'साहस' शब्दाचा विसरला गेलेला जुना अर्थ तिच्या कामी येईल.